औरंगजेबाची दहा मुले आणि त्यांचा पुढचा वंश

प्रश्न थोडक्यात असा आहे: औरंगजेबाला मुले किती होती आणि त्यांचे पुढे काय झाले, संभाजी महाराजांच्या आश्रयाला आलेल्या शहजादा अकबराच्या वंशाची हकीकत काय, औरंगजेबानंतरचे दिल्लीचे बादशहा त्याच्या कोणत्या मुलाचे वंशज होते, आणि आज तुमच्या ओळखीचे एखादे कुटुंब स्वतःला त्याचे वंशज म्हणवत असेल तर तो दावा कसा तपासावा. फार्सी दरबारी कागद आणि मराठी पत्रव्यवहार समोरासमोर ठेवून वाचण्यात माझी बरीच वर्षे गेली आहेत, आणि त्या अनुभवावरून एक गोष्ट आधीच सांगतो. छापील वंशावळीत फक्त मुलगे दाखवलेले असतात आणि तेवढ्यावरून हे घराणे कळत नाही. कोणाची आई कोण, कोणाचे लग्न कोणाशी लावले आणि कोणाला किती वर्षे कैदेत ठेवले, या तीन गोष्टी शेजारी लिहिल्या की वंशावळ बोलू लागते.

औरंगजेबाला दहा अपत्ये झाली, पाच मुलगे आणि पाच मुली. चार वेगवेगळ्या स्त्रियांच्या पोटी ती जन्मली. पहिली आणि मानाने सर्वांत वरची दिलरसबानू बेगम. तिचे लग्न 1637 मध्ये झाले. तिचे वडील शाहनवाजखान हे इराणच्या सफवी राजघराण्यातले होते, आणि ही सोयरीक पुढे तिच्या मुलांच्या मनात कायम जागी राहिली. झेबुन्निसा (1638), झीनतुन्निसा (1643), जुबदतुन्निसा (1651), आजम (1653) आणि अकबर (1657) ही तिची मुले. दुसरी नवाबबाई, काश्मीरकडील राजौरीच्या राजाची मुलगी. मुहम्मद सुलतान (1639), मुअज्जम (1643) आणि बद्रुन्निसा (1647) ही तिची अपत्ये. औरंगाबादी महल या नावाने ओळखल्या जाणाऱ्या बेगमेला मेहरुन्निसा (1661) ही एकच मुलगी झाली. ती बेगम 1688 मध्ये विजापूरला प्लेगने वारली. सर्वांत धाकटा कामबख्श (1667) हा उदेपुरी महलचा मुलगा.

या मुलांची जन्मस्थाने पाहिली की आपल्या वाचकाला हे घराणे एकदम जवळचे वाटू लागते. औरंगजेब बादशहा होण्यापूर्वी दोनदा दख्खनचा सुभेदार होता. झेबुन्निसा दौलताबादला जन्मली, मुअज्जम आणि आजम बुऱ्हाणपुरात, तर अकबर औरंगाबादेत. अकबराच्या जन्मानंतर महिन्याभरातच, ऑक्टोबर 1657 मध्ये, दिलरसबानू औरंगाबादेतच वारली. बीबी का मकबरा ही तिचीच कबर. हा मकबरा आजमने आईसाठी बांधला असे सर्रास सांगितले जाते, परंतु 1660 च्या सुमारास बांधकाम चालू असताना आजम सहा-सात वर्षांचा होता हे लक्षात घ्यायला हवे. त्याचे नाव जोडले गेले असले तरी हुकूम आणि खर्च बापाचाच असणार. वास्तुकार अताउल्ला हा ताजमहालाशी ज्याचे नाव जोडले जाते त्या उस्ताद अहमद लाहोरीचा मुलगा होता.

आता लग्नांकडे येतो, कारण माझ्या मते या घराण्याचे सर्वांत बोलके कागद लग्नांचेच आहेत. तख्तासाठीच्या युद्धात औरंगजेबाने थोरला भाऊ दारा शुकोह याला 1659 मध्ये ठार केले, मुरादबख्शला 1661 मध्ये ग्वाल्हेरच्या किल्ल्यात मारवले, आणि दाराचा थोरला मुलगा सुलेमान शुकोह हाही त्याच किल्ल्यात कैदेत संपला. औरंगजेबाचा सासरा शाहनवाजखान दाराच्या बाजूने देवराईच्या लढाईत पडला. एवढे झाल्यावर दहा-बारा वर्षांनी त्याने काय केले, तर मारलेल्या भावांच्या लेकरांशी आपल्या लेकरांची लग्ने लावली. दाराची मुलगी जहांजेबबानू 1669 मध्ये आजमला दिली. सुलेमान शुकोहची मुलगी सलीमाबानू 1672 मध्ये अकबराला दिली. मुरादचा मुलगा इजदबख्श याला मेहरुन्निसा दिली, आणि ज्या सिपिहर शुकोहला पोरवयात बापासोबत हत्तीवर बसवून दिल्लीतून फिरवले होते, त्या दाराच्या धाकट्या मुलाला कैदेतून बाहेर काढून 1673 मध्ये जुबदतुन्निसा दिली.

हा पश्चात्ताप होता असे काही जण लिहितात. मला ते पटत नाही. बाहेरच्या एखाद्या सरदाराने दाराच्या नातवाला पुढे करून बंड उभारण्याची शक्यता या लग्नांमुळे संपली, कारण ती मुले आता बादशहाच्या स्वतःच्या जनान्यात आणि नजरेखाली आली. मात्र याचा परिणाम असा झाला की पुढच्या पिढीत मारणाऱ्याचे आणि मारलेल्याचे रक्त एकाच अंगात वाहू लागले. आजमचा मुलगा बेदारबख्त हा औरंगजेबाचा नातू आणि दाराचाही नातू. अकबराचा मुलगा नेकूसियर हा औरंगजेबाचा नातू आणि दाराचा पणतू. अकबर बादशहाच्या काळापासून मुघल राजकन्यांची लग्नेच होत नसत, हे सरसकट विधानही मेहरुन्निसा आणि जुबदतुन्निसा यांच्या लग्नांपुढे टिकत नाही. घराण्याबाहेर त्यांचे लग्न क्वचितच होत असे एवढे मात्र खरे.

मुलांच्या नशिबाकडे पाहताना मुघलांकडे थोरल्यालाच गादी असा नियम नव्हता, हे विसरता कामा नये. प्रत्येक शहजादा जन्मतःच दावेदार असे, आणि हरलेल्याला बहुधा जगू दिले जात नसे. औरंगजेब स्वतः याच वाटेने तख्तावर आला होता, आणि आपल्या मुलांनी तीच वाट धरू नये यासाठी त्याने पन्नास वर्षे पहारा केला. पाचांपैकी तीन मुलगे त्याच्या कैदेत पडले आणि एक देशोधडीला लागला. बापाच्या हयातीत कैद किंवा देशोधडी वाट्याला न आलेला मुलगा एकटा आजम.

थोरला मुहम्मद सुलतान 1659 मध्ये बंगालच्या मोहिमेत ऐनवेळी काका शाहशुजाला जाऊन मिळाला आणि त्याच्या मुलीशी त्याने लग्न केले. काही महिन्यांत तो परतला, पण बापाने त्याला कैद केले आणि 1676 मध्ये तो कैदेतच वारला. मुअज्जम हा मराठी कागदांत शहाआलम म्हणून येतो. 1683-84 मध्ये संभाजी महाराजांनी गोव्याच्या पोर्तुगीजांना जेरीस आणले तेव्हा रामघाटाने कोकणात उतरलेला शहजादा हाच. 1687 मध्ये गोवळकोंड्याच्या वेढ्यात त्याने अबुल हसन कुतुबशहाशी गुप्त पत्रव्यवहार केल्याचा आरोप आला आणि त्याला मुलांसह कैद झाली. तो 1695 मध्ये सुटला, म्हणजे आठ वर्षे आत होता. कामबख्शला जिंजीच्या वेढ्यावर पाठवले होते. बादशहा वारल्याची अफवा पसरताच त्याने राजाराम महाराजांकडे बोलणी लावली, आणि त्यामुळे 1693 च्या आरंभी बापाच्याच सेनापतींनी त्याला अटक केली.

अकबराची हकीकत जरा विस्ताराने सांगितली पाहिजे. जानेवारी 1681 मध्ये राजस्थानात राठोड आणि सिसोदियांच्या पाठबळावर त्याने स्वतःला बादशहा म्हणून जाहीर केले. बापाने लिहिलेले एक पत्र राजपुतांच्या हाती पडेल अशी व्यवस्था झाली. अकबर आपल्याशी दगा करतो आहे असे त्यांना वाटले आणि एका रात्रीत त्याची छावणी ओस पडली. डाव लक्षात आल्यावर दुर्गादास राठोडाने त्याला सोबत घेतले आणि दोघे दक्षिणेत आले. जूनमध्ये तो कोकणात पोहोचला, आणि नोव्हेंबरात पालीजवळ संभाजी महाराजांनी त्याची भेट घेतली. त्याच उन्हाळ्यात महाराजांविरुद्ध कट करणाऱ्यांनी अकबरालाही ओढण्याचा प्रयत्न केला होता आणि अकबराने ती गोष्ट महाराजांना कळवली. उत्तरेत एकत्र स्वारी करण्याचा बेत मात्र तडीस गेला नाही, कारण स्वतः औरंगजेब सैन्य घेऊन दख्खनमध्ये उतरला होता. मराठ्यांच्या इतिहासाला यातून केवढे वळण लागले हे सांगायला नको. अखेर फेब्रुवारी 1687 मध्ये अकबर राजापूरहून जहाजात बसला, मस्कतमार्गे इराणला गेला आणि 1706 मध्ये मशहदला वारला. आश्रयासाठी इराणच का, याचे उत्तर आईच्या सफवी कुळात आहे आणि पूर्वी इराणात आश्रय घेतलेल्या हुमायूनच्या उदाहरणातही.

पळताना अकबराची बायको-मुले मागे राहिली. बुलंदअख्तर हा मुलगा आणि सफियतुन्निसा ही मुलगी मारवाडात दुर्गादासाच्या माणसांकडे वाढली. 1690 नंतरच्या दशकात वाटाघाटी होऊन ती आजोबांकडे परत आली. नातीला धर्माचे शिक्षण द्यायला हवे म्हणून औरंगजेबाने शिक्षिकेचा विषय काढला, तेव्हा दुर्गादासाने मुसलमान शिक्षिका ठेवून आपल्याला कुराण शिकवले आहे असे तिने सांगितले. ही नोंद गुजरातचा नागर ब्राह्मण ईश्वरदास याने फार्सीत लिहून ठेवली आहे, आणि ती वाचताना माझे मन दर वेळी दुर्गादासाविषयीच्या आदराने भरून येते. दुसरा मुलगा नेकूसियर जेमतेम दोन वर्षांचा असताना आग्र्याच्या किल्ल्यात बंद झाला आणि तिथेच वाढला. 1719 मध्ये मित्रसेन नावाच्या नागर ब्राह्मणाने त्याला किल्ल्यातच बादशहा म्हणून जाहीर केले. तीन महिन्यांत, दिल्लीचा कारभार हाती असलेल्या सय्यद बंधूंनी किल्ला घेतला आणि नेकूसियर पुन्हा कैदेत गेला. तख्तावरचा अकबराच्या शाखेचा दावा तेथे संपला.

मुलींमध्ये झेबुन्निसा थोर विदुषी होती. धाकट्या भावाशी, अकबराशी, तिचा पत्रव्यवहार सापडल्यामुळे 1681 मध्ये तिला दिल्लीच्या सलीमगडात ठेवण्यात आले, आणि एकवीस वर्षांनी, 1702 मध्ये, तिथेच तिचा अंत झाला. तिचे आणि शिवाजी महाराजांचे नाव जोडणारी कथा आपल्याकडे अजूनही सांगितली जाते. समकालीन फार्सी, मराठी किंवा राजस्थानी साधनांत तिला कोणताही आधार नाही, आणि दोघांच्याही सन्मानाला बाधा आणणारी ही कथा सांगणे आता थांबवावे, असे मी कळकळीने म्हणेन.

महाराष्ट्राच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची मुलगी झीनतुन्निसा. ती अविवाहित राहिली आणि दख्खनच्या छावणीत बापाच्या घरसंसाराचे सर्व काही पाहत असे. 1689 मध्ये रायगड पडल्यावर महाराणी येसूबाई आणि सात वर्षांचे शाहूराजे छावणीत आले, तेव्हा त्यांची व्यवस्था बादशहाच्या निवासाजवळ ठेवली गेली आणि झीनतुन्निसेचे त्यांच्याकडे लक्ष असे. अठरा वर्षांच्या त्या कैदेत शाहूंच्या जिवाला आणि धर्माला धक्का लागला नाही, यात तिचा वाटा किती हे मापून सांगता येणार नाही, पण मराठी परंपरेने तो कृतज्ञतेने मान्य केला आहे. ती 1721 पर्यंत जगली. दिल्लीत दर्यागंजला यमुनेच्या बाजूस तिने बांधलेली झीनतुल मसाजिद आजही उभी आहे. तिथली तिची कबर मात्र 1857 नंतर इंग्रजांनी मशीद ताब्यात घेतली तेव्हा काढून टाकली.

औरंगजेबाची शेवटची वर्षे कौटुंबिक मृत्यूंनी भरलेली आहेत. 1702 मध्ये झेबुन्निसा गेली, 1706 मध्ये मेहरुन्निसा आणि तिचा नवरा, त्याच वर्षी परदेशी अकबर आणि शेवटची उरलेली बहीण गौहरआरा, 1707 च्या आरंभी जुबदतुन्निसा. तो स्वतः अहमदनगरच्या छावणीत वारला तेव्हा दहांपैकी चारच अपत्ये जिवंत होती: मुअज्जम, आजम, कामबख्श आणि झीनतुन्निसा. मृत्यूची तारीख काही पुस्तकांत 20 फेब्रुवारी 1707 आणि काहींत 3 मार्च 1707 दिसते. दोन्ही बरोबर आहेत, पहिली जुन्या इंग्रजी पंचांगाची आणि दुसरी आजच्या. या घराण्याच्या तारखा जुळवताना हा दहा-अकरा दिवसांचा फरक विसरला तर सगळा क्रम बिघडतो. मरण जवळ आल्याचे ओळखून त्याने शेवटच्या दिवसांत कामबख्शला विजापूरकडे आणि आजमला माळव्याकडे रवाना केले, जेणेकरून भाऊ भाऊ प्रेतापाशीच लढू नयेत. त्या दोघांना लिहिलेल्या पत्रांत, आपण एकटे आलो आणि परक्यासारखे चाललो आहोत, अशा अर्थाची वाक्ये आहेत. त्याची कबर खुलदाबादला शेख जैनुद्दीन शिराजी यांच्या दर्ग्याच्या आवारात आहे.

लढाई टळली नाहीच. जून 1707 मध्ये आग्र्याजवळ जाजऊ येथे मुअज्जमने आजमला हरवले. आजम आणि त्याचा मुलगा बेदारबख्त दोघेही पडले. उत्तरेकडे निघालेल्या आजमने वाटेत, मे महिन्यात, शाहूंना सोडले होते. येसूबाई मात्र 1719 पर्यंत मुघलांच्या ताब्यात राहिल्या. जानेवारी 1709 मध्ये हैदराबादजवळ कामबख्शही जखमी होऊन मेला. अशा रीतीने ज्या मुलाला बापाने आठ वर्षे कैदेत ठेवले, तोच वयाच्या चौसष्टाव्या वर्षी बहादुरशाह म्हणून बादशहा झाला, आणि पुढचे जवळजवळ सर्व बादशहा त्याच्याच वंशातले.

येथून पुढची नामावळी मी भराभर सांगतो, कारण 1712 नंतरचे बरेच बादशहा वजिरांच्या हातातले होते. बहादुरशाहाचे चार मुलगे: जहांदारशाह, अजीमुश्शान, रफीउश्शान आणि जहानशाह. 1712 मध्ये लाहोरला जहांदारने तिघांनाही संपवले. पुढच्याच वर्षी अजीमुश्शानचा मुलगा फर्रुखसियर याने जहांदारला मारले. फेब्रुवारी 1719 मध्ये सय्यद बंधूंनी फर्रुखसियरला पदच्युत केले, तेव्हा बाळाजी विश्वनाथ मराठी फौजेसह दिल्लीत होते. त्यानंतर रफीउश्शानची दोन मुले काही महिनेच टिकली आणि मग जहानशाहचा मुलगा मुहम्मदशाह 1748 पर्यंत राहिला. त्याच्यानंतर त्याचा मुलगा अहमदशाह सहा वर्षे होता. 1754 मध्ये गादी पुन्हा जहांदारच्या शाखेकडे गेली, त्याच्या मुलाकडे, आणि त्याने पणजोबा औरंगजेबाचाच आलमगीर हा किताब घेतला. तेव्हापासून शेवटपर्यंत गादी याच शाखेत राहिली: दुसरा आलमगीर, त्याचा मुलगा दुसरा शाहआलम, त्याचा मुलगा दुसरा अकबर, आणि त्याचा मुलगा बहादुरशाह जफर. जफर हा औरंगजेबापासून सहाव्या पिढीतला थेट वंशज होय.

या क्रमात एक अपवाद आला आणि तो मराठ्यांनी दूर केला. 1759 मध्ये वजीर इमादुल्मुल्क याने दुसऱ्या आलमगीराचा खून करवून कामबख्शच्या नातवाला तिसरा शाहजहान म्हणून बसवले. ऑक्टोबर 1760 मध्ये सदाशिवरावभाऊंनी दिल्लीत त्याला उतरवून, त्या वेळी पूर्वेकडे असलेल्या दुसऱ्या शाहआलमच्या नावाने द्वाही फिरवली आणि त्याचा मुलगा जवानबख्त याला त्याच्या जागी कारभाराला नेमले. औरंगजेबाच्या मृत्यूला तेव्हा त्रेपन्न वर्षे झाली होती, आणि त्याच्या पणतूने उतरावे व खापरपणतूने बसावे हा निर्णय पुण्याच्या सेनापतीने दिला. त्या खापरपणतूला 1772 मध्ये दिल्लीत आणण्यात महादजी शिंदे यांचा मोठा वाटा होता. पुढे 1788 मध्ये रोहिला सरदार गुलाम कादिराने त्या बादशहाचे डोळे काढले, तेव्हा कादिराला पकडून शिक्षा करणारेही महादजीच.

1857 मध्ये वंश नष्ट झाला, हा समज चुकीचा आहे. जफरचे काही मुलगे आणि एक नातू इंग्रजांनी गोळ्या घालून मारले, इतर अनेक शहजादे फासावर गेले, परंतु जवानबख्त आणि शाहअब्बास हे मुलगे बापाबरोबर रंगूनला गेले आणि त्यांची कुटुंबे पुढे वाढली. शिवाय लाल किल्ल्यात सलातीन म्हणून राहणारी आधीच्या बादशहांची शेकडो माणसे होती. त्यांपैकी अजफरी हा शहजादा त्याआधीच किल्ल्यातून निसटून मद्रासला स्थायिक झाला होता. आणि भाऊंनी नेमलेला जवानबख्त, जो जफरच्या त्याच नावाच्या मुलाहून वेगळा, तो 1788 मध्ये बनारसला वारला. त्याचे वंशज कंपनी सरकारच्या तनख्यावर तिथल्या शिवाला भागात राहत असत. म्हणजे केवळ जफरच्या संततीत औरंगजेबाचा वंश शोधणे अपुरे आहे. वंश सिद्ध झाला तरी त्यातून मालमत्तेचा हक्क निघत नाही, हेही सांगून ठेवतो. जफरच्या वंशातील एका विधवेने लाल किल्ल्यावर हक्क सांगणारी याचिका केली होती. दिल्ली उच्च न्यायालयाने 2021 मध्ये ती दीड शतकाच्या विलंबाच्या कारणावरून फेटाळली.

आता तुमच्या ओळखीच्या कुटुंबाविषयी. त्यांच्याकडील शिजरा, म्हणजे वंशवृक्ष, पाहण्याआधी तीन गोष्टी विचारा. पहिली, ते औरंगजेबाच्या कोणत्या मुलाची शाखा सांगतात. मुअज्जमची सांगत असतील तर बहादुरशाहाच्या चार मुलांपैकी कोणाची. आजमची किंवा अकबराची सांगत असतील तर मधल्या पिढ्या कैदेत होत्या की बाहेर, याचा खुलासा मागा. दुसरी, नावांचा घोटाळा झालेला नाही ना. बहादुरशाह दोन, आलमगीर दोन, शाहजहान तीन, जवानबख्त किमान दोन, आणि शाहआलम हा मुअज्जमचा किताबही आहे व नंतरच्या बादशहाचे नावही. शिजरा लिहिणाऱ्यांनी यांत पिढ्याच्या पिढ्या गाळलेल्या मी पाहिल्या आहेत. तिसरी गोष्ट निर्णायक: 1857 च्या वेळी त्यांचा पूर्वज दिल्ली, बनारस, रंगून किंवा आणखी कोठे होता, आणि त्यानंतर त्याला इंग्रज सरकारचा तनखा मिळत होता का. तनखा मिळत असेल तर पिढी बदलताना वारसाची चौकशी होत असे आणि तिचे कागद दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागारात शोधता येतात. वंश आईकडून आलेला असेल तर तसे स्पष्ट सांगण्यास कुटुंबाला संकोच वाटू देऊ नका, कारण याच घराण्यात दाराचा वंश त्याच्या मुलीच्या आणि नातीच्या पोटी पुढे गेला. तनख्याच्या कागदाचे वर्ष आणि त्यावरील पूर्वजाचे नाव मला कळवले, तर पुढचा शोध कोणत्या दप्तरात घ्यावा हे मी नक्की सांगू शकेन.